वाटणीतल्या साखळ्या

वडील गेले त्या वर्षी वाटणी झाली.
गोचाला झिगुली आणि नदीकडचं शेत,
तारिएलला गुरं, कुरण, मधाच्या पेट्या.
शेवटी खिळ्यावर उरली बर्फातल्या साखळ्यांची जोडी,
वडिलांनीच गोठ्यातल्या जुन्या साखळदंडांच्या कड्या
डागून डागून केलेली.
कुणी हटेना.
मग एकेक.
साक्षीला बेसारिओन होता,
हसू लपवायला तो बराच वेळ खोकला.
मी नवऱ्याकडून परत आलेली. मला कोण विचारतं?

जानेवारीत आईची दाढ सुजली,
गालात सफरचंद लपवल्यासारखी.
दोन रात्री तिने चाचाचा घोट दाढेवर धरला,
मग गिळला.
तिसऱ्या पहाटे म्हणाली,
ओनीला न्या, नाहीतर कुऱ्हाड आणा.

झिगुलीचं इंजिन पुढे, वजन पुढे,
आणि ढकलायचं काम सगळं मागच्या चाकांना.
म्हणून डिकीत बटाट्यांची तीन पोती
आणि मागच्या सीटवर आई.
“मी काय पोतं आहे?”
असं म्हणत ती बरोबर मधोमध बसली.

गोचाने आपली साखळी उजव्या चाकाला घातली.
एक कडी तुटलेली, तिथे वडिलांनी तांब्याची तार पिळलेली.
पुलापर्यंत गेलो. पुढे चढ.
डावं चाक मोकळं, ते जागच्या जागी गरगरलं,
बर्फ उडवत, रबराचा वास सोडत.
दोन चाकांमधली ती दातेरी पेटी ताकद वाटते खरी,
पण तिचा न्याय निराळा:
ज्याला कशाचीच पकड नाही
त्याच्याच पदरात सगळं.
साखळीचं चाक पाय रोवून उभं,
शहाणं,
आणि तसूभर हलेना.
आईने काचेतून पाहिलं. बोलली नाही.
दाढ दुखत असेल.

“जा,” गोचा मला म्हणाला.
कुणाकडे, ते नाही सांगितलं.

तारिएल चारा टाकत होता.
मी दाढ सांगितली, पूल सांगितला,
साखळीचं नावही काढलं नाही.
त्याने ती खिळ्यावरून उतरवून खांद्यावर टाकली
आणि माझ्या पुढे चालू लागला, खणखणत.

“त्याला सांग, आतला आकडा आधी.”
“त्याला सांग, मलाही वडिलांनीच शिकवलंय.”
मध्ये डिकीएवढं अंतर, आणि निरोप्या मी.
हातमोजे काढून, बर्फात कुशीवर पडून
दोघांनी चाकामागे हात घातला,
न दिसणारा आकडा बोटांनी चाचपत.
मग गाडी चार हात पुढे, पुन्हा उतरून ताणायचं.
हे मात्र त्यांनी निरोपाशिवाय केलं.

तारिएल मागे बसला, आईला खेटून.
“वजन हवं,” म्हणाला. कुणाला, कोण जाणे.

तीसच्या वर नाही.
खाली रिओनी, अर्धी गोठलेली.
पुढची चाकं उघडी, वळणावर ती ऐकत नसत,
तेव्हा गोचा पाय उचलून नुसता वाट पाहायचा.
ओनीच्या अलीकडे काळा रस्ता लागला.
“काढ आता, तुटतील.”
“काढतोय.”
दीड वर्षांत एवढंच बोलणं.

आईने दाढ रुमालात बांधून आणली,
परतताना ती सारखी उलगडून बघे.
चढावर साखळ्या पुन्हा चढल्या,
रात्री अंगणात उतरल्या,
टॉर्च विझत आलेली,
ज्याच्या हाताला जी लागली ती घेऊन तो गेला.

सकाळी दूध आणायला तारिएलच्या गोठ्यात गेले.
खिळ्यावर साखळी, पाणी ठिबकणारी,
आणि मधोमध
तांब्याची पिळलेली तार.

मी कुणाला बोलले नाही.
वाटणीत मला
एवढं तरी मिळालं.